चांगदेवची दोन बोटं आणि सत्तेचाळिसावा भाग

चांगदेव गडदेची उजव्या हाताची दोन बोटं टीव्हीतल्या हिरोसारखी पोझ मारताना कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये गेली, असं शिक्रापुरात कुणीही सांगेल. चौकातला पंक्चरवाला तर करूनच दाखवतो. पाय फाकवतो, डावा हात छातीवर आडवा धरतो, उजवा पंजा पाची बोटं पसरून वर नेतो, आणि मग तो असा खाली आणतो की बघणाऱ्याच्या तोंडून 'आई गं' निघतं. त्याच्या मागोमाग हसू.

हे खोटं आहे. बोटं गेली तेव्हा चांगदेवचा डावा हात बटणावर होता आणि उजवा पत्र्याचा तुकडा डायखाली सरकवत होता. कंपनीनं दिलेलं काम तो कंपनीनं सांगितलेल्या वेगानं करत होता, बाकी काही नाही. पोझची गोष्ट माझी. मी ती नक्कल म्हणून केली होती, आणि तीही बोटं जायच्या चार महिने आधी, दिवाळीत. त्यामुळं बोटं गेली त्या दिवशी लोकांना गोष्ट शोधावी लागली नाही. तयारच होती.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण आमचं चहाचं हॉटेल अजून तिच्याच गेटसमोर आहे. हॉटेल पुढं, मागं आमच्या भाड्याच्या दहा खोल्या, आणि हॉटेलात फळीवर रंगीत टीव्ही. आमचे आप्पा, म्हणजे सोपानराव, यांचं म्हणणं असं की टीव्ही असला की माणूस दुसरा चहा घेतो. दोन हजार चार साली मी नववीत होते. आप्पा गल्ल्यावर बसायचे, मी काचेचे ग्लास विसळायचे आणि गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करायचे. पोरीच्या जातीला हे शोभत नाही असं सगळ्या बायका म्हणायच्या, आणि मग विचारायच्या, माझी येते का गं?

चांगदेव चार नंबरच्या खोलीत राहायचा. वय सव्वीस. गाव मांडवगण फराटा. त्याचा आज्जा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, बाप नगर रोड ओलांडून माघारी फिरायचा, आणि चांगदेव शिक्रापुरापर्यंतच आला. मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला होता, पण कळप बुजला की आधी मेंढरं मोजायची, ही घरातली रीत गेली नव्हती. ट्रक जवळून गेला, कुत्रं भुंकलं, कुठं फटाका वाजला, की चांगदेव ओठातल्या ओठात मोजायचा. काय मोजायचा? समोर असेल ते. माणसं, खुर्च्या, सायकली. एकदा आमच्या मागं टायर फुटला तेव्हा त्यानं काउंटरवरच्या क्रीमरोलच्या बरण्या मोजल्या. बोलण्याआधी नाकातून एक 'हुं' सोडायचा आणि मग 'म्हंजी बघा' म्हणायचा. ही माझ्यासाठी मेजवानीच होती. काही माणसांची नक्कल करायला कष्ट पडतात. चांगदेव आयता होता.

त्याचं वेड होतं 'पंचरक्षक'. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागायचं. जपानात बनलेलं, हिंदीत बोलणारं. पाच जण, पाच रंग: लाल, निळा, पिवळा, हिरवा आणि गुलाबी, गुलाबी ती बाई. मनगटातलं कडं फिरवलं की अंगावर चकाकता सूट आणि डोक्यावर हेल्मेट. मग पाची जण ओळीनं उभे राहून पंजा पसरायचे आणि मागं जाळ उसळायचा. माणसाचं तोंड तीनदा उघडायचं आणि शब्द एकच यायचा, 'नहीं'. राक्षसाच्या पाठीची चेन दिसायची. खोल्यांमधली सगळी पोरं खाली पोत्यावर बसायची, आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांची, आणि त्यांच्या मधोमध मिशीवाला चांगदेव. शनिवार चुकू नये म्हणून तो शिफ्ट बदलून घ्यायचा आणि त्यासाठी लोकांच्या रात्रपाळ्या करायचा. जाळ उसळला की पोरं टाळ्या पिटायची आणि हा मोजायचा. "येक, दोन, तीन, चार... हायेत. पाच हायेत."

त्याचा आवडता हिरवा. बाकीचे चौघं शहरातले. हिरवा कोळ्याचा पोरगा, समुद्राकाठचा. दर भागात पहिला मार तोच खायचा. पोरांनी पंजाची बोटं वाटून घेतली होती: अंगठा लाल, त्याच्या जवळचं निळा, मधलं पिवळा, करंगळीजवळचं हिरवा, करंगळी गुलाबी. 

दिवाळीत कंपनीची माणसं हॉटेलात फराळाला बसली होती, तेव्हा मी 'चांगदेव प्रेसवर' केली. प्रेस म्हणजे पत्रा कापायचं मशीन, एवढंच मला माहीत. मी खुर्चीला मशीन केलं, एक पीस कापला, 'हुं' केलं, पोझ मारली, पीस मोजला, पुन्हा पोझ. हॉटेल फुटलं हसण्यानं. सुपरवायझर बाळासो, यवतच्या बाजूचा माणूस, डोळे पुसत म्हणाला, परत कर. मी परत केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा खुद्द चांगदेव दारात उभा होता. तोही हसला. म्हणाला, "हुं. म्हंजी बघा, पाय माझे एवढे फाकत न्हाईत." मी तेही दुरुस्त करून घेतलं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी त्याची बोटं गेली. करंगळी आणि तिच्या जवळचं. त्याला जीपमध्ये घालून शिरूरला दवाखान्यात नेलं. दुपारच्या चहाला हॉटेलात सगळे गप्प बसले होते, आणि गप्प हॉटेल मला सोसत नाही. मी म्हणाले, हिरवा आन् गुलाबी गेले. म्हणजे चांगदेवच्याच आवाजात म्हणाले. आधी एक जण हसला, मग दोघं. बाळासो हसला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला की हो, हा गडी मशीनवर हे चाळे करायचाच, पोरीनं तर मागंच दाखवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते चाकण चौकात पोचलं. सोमवारी ते कंपनीच्या ऑफिसातल्या कागदावर होतं.

मधल्या शनिवारी सत्तेचाळिसावा भाग लागला. पन्नास भाग संपल्यावर मालिका संपणार, हे पोरांना ठाऊक होतं, त्यामुळं पोत्यावर दाटी होती. वर्षभरात पहिल्यांदा चांगदेवची जागा रिकामी होती. एक पोरगं लगेच तिथं सरकलं.

सोमवारी तो दवाखान्यातून आला, हाताला पांढरं गाठोडं बांधून. बरोबर त्याची आई अनसाबाई, गावाकडून आलेली. उंच बाई, नाकात मोठी नथ, चालताना अजून कळपामागं चालल्यासारखी लांब ढांगा टाकायची. नळावर पाणी भरायला गेली आणि तिथंच तिला आमच्या बायकांनी पोझची गोष्ट सांगितली. हंडा तिथंच ठेवून ती माघारी आली आणि चार नंबरच्या दारात उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी बोलली. टीव्हीपायी बोटं घालवलीस. बापानं लांडग्याच्या तोंडातनं कोकरू काढलं तरी हाताला ओरखडा न्हाई, आन् तू नाचताना बोटं देऊन आलास. चांगदेवनं तिला काही सांगितलं, पण ते आत सांगितलं. तिला पटलं नाही. नळावरच्या सात बायका एक सांगतात आणि हा एकटा दुसरंच सांगतो, मग खरं कुणाचं?

त्याच दिवशी यवतहून माणूस येऊन गेला. चांगदेवची सुपारी यवतच्या धनश्रीशी फुटली होती, वैशाखात लग्न. आलेला माणूस मुलीचा मामा. हाताचं गाठोडं बघून म्हणाला, आता अंगठी कुठल्या बोटात घालायची? मग जरा खाकरून मुद्द्यावर आला. कंपनी ठेवून घेत असेल तर आमची ना नाही. घरी बसवत असेल तर मात्र पोरीला उसात खुरपायला आम्ही देणार नाही. हे मी भिंतीआडून ऐकलं. मामाचा आवाज घशातून यायचा, भाकरीचा घास अडकल्यासारखा. रात्रीपर्यंत मला तो येत होता.

मंगळवारी शाळेतून आल्यावर मी चहा घेऊन चार नंबरला गेले. चांगदेव भिंतीला टेकून बसला होता. अनसाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या आणि त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्यानं पहिलं विचारलं ते हे:

"हिरवा आला का गं?"

कारण सेहेचाळिसावा भाग तिथंच संपला होता. जबडासुर नावाचा लोखंडी तोंडाचा राक्षस होता, त्यानं हिरव्याचा उजवा हात जबड्यात धरला होता आणि कडं तुटलं होतं.

मी सांगितलं, नाही आला. सगळे आवाज काढून सांगितलं. पाची जणांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांनी हिरव्याला गावाला पाठवलं, दुसऱ्या दिवशी नवा हिरवा आणला, तो जास्त उंच होता, जास्त चपळ होता, आणि जुना कुणालाच आठवला नाही. असं का सांगितलं? त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. त्याचं काही झालं नाही. तो म्हणाला, "हुं. खोटं सांगती. खरं सांगताना तू डोळं मिटती. आता माझ्याकडं बघत होती."

मग मी डोळे मिटले आणि खरं सांगितलं.

कडं तुटल्यावर सर हिरव्याला म्हणतात, अब तुम एक आम आदमी हो, घर जाओ. हिरवा आगगाडीत बसून समुद्राकाठी जातो. बाप जाळं शिवत असतो, तो वर बघत नाही. इकडं जबडासुर शहर चावत असतो. चौघं जण त्याच्यासमोर ओळीनं उभे राहतात, पोझ घेतात, आणि पिवळा आणि गुलाबी यांच्यामध्ये जागा मोकळी असते. चार पंजे वर जातात, जाळ येत नाही. जबडासुर हसतो, विचारतो, किस का इंतज़ार है? तो चौघांना झोडपतो. चौघं उठतात, पुन्हा ओळ करतात, पुन्हा जागा मोकळी. तिसऱ्यांदाही तेच. मग लांबून एक माणूस चालत येतो. सूट नाही, हेल्मेट नाही, साधा शर्ट, हाताला पट्टी. येऊन त्या जागेत उभा राहतो. डावा पंजा वर करतो. आणि मागं जाळ उसळतो, वर्षभरात उसळला नव्हता एवढा.

चांगदेवनं मला ती ओळीची जागा परत सांगायला लावली.

"किती जागा सोडली व्हती?"

"एका माणसाची."

"सोडा म्हणून कोण बोललं त्यास्नी?"

"कुणीच नाही. दादा, ते लिहिलेलं असतं. जपानात एक माणूस बसून लिहितो."

मग मी विचारलं की तुझी बोटं नेमकी कशी गेली, कारण माझ्या नकलेत शेवट नीट बसत नव्हता. हे मी त्याला तसंच सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं डाव्या हातानं आगपेटी जमिनीवर ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्लास ठेवला. आगपेटी म्हणजे प्रेस, ग्लास म्हणजे बटणं. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे मशीन खाली येतं तेव्हा दोन्ही हात बटणांवरच असतात, आत राहूच शकत नाहीत. पण त्यात वेळ जातो. म्हणून एका बटणात काडी ठोकून ते दाबलेलंच ठेवायचं. मग एका हातानं दाबायचं, दुसऱ्या हातानं पत्रा सारायचा. शिफ्टला दीडपट माल निघतो.

"काडी कोण ठोकतं?"

"बाळासो. सकाळी येऊन सगळ्या मशिनींस्नी ठोकून जात्यात." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाला, "आगपेटी तुमच्याच हाटेलातली असती."

अनसाबाई तांदूळच निवडत राहिल्या. त्यांना हे त्यानं आधी सांगितलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ही त्यांना पोरानं रचलेली गोष्ट वाटत होती.

बुधवारी संध्याकाळी बाळासो कागद घेऊन हॉटेलात आला. चांगदेवला बोलावलं, चहा सांगितला आणि कागद मोठ्यानं वाचला, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. 'मी चांगदेव हनुमंत गडदे लिहून देतो की, दिनांक अमुक रोजी मी यंत्रावर काम करीत असताना दूरदर्शनवरील कार्यक्रमाप्रमाणे हातवारे करीत असल्यामुळे माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सदर अपघात घडला असून त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही.' हातवारे या शब्दावर दोघं-तिघं फुसकन हसले. बाळासोनं त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मग आवाज मऊ करून सांगितलं की सही केलीस तर साहेब तुला गेटवर घेणार, बसायचं काम, नोंद करायची, परमनंट. नाही केलीस तर कंपनी तुला ओळखत नाही. उद्या सकाळी सातला गेटवर कागद दे. युनिफॉर्म आणि बूट मात्र आत्ताच स्टोअरला जमा कर, गेटचा युनिफॉर्म वेगळा असतो. चांगदेवनं खोलीतून युनिफॉर्म आणून दिला, घडी करून.

बाळासो गेल्यावर हॉटेलात प्रत्येक जण चांगदेवला सही कर म्हणाला. आप्पासुद्धा म्हणाले. आमचे आप्पा कुणाला उधारी नाकारतानाही बोलत नाहीत, पण ते म्हणाले. अनसाबाईंनी माझ्याकडून बॉलपेन मागून घेतलं आणि त्याच्या खिशाला लावून दिलं. यवत, लग्न, परमनंट. एका सहीत सगळं. सही डाव्या हातानं जमेल का, यावर थोडी चर्चा झाली.

मी म्हणाले, करणार. पैज लाव.

"हुं," चांगदेव म्हणाला. "न्हाई करणार."

"का?"

"माझ्या मशीनवर आता बिहारचा गडी घातलाय. परवाच आलाय. त्याला अजून धाही बोटं हायेत."

लोक हसले. मीही हसले, आणि पैजेच्या अटी ठरवल्या, कारण त्यात मी तरबेज. त्यानं सही केली तर बाजाराच्या दिवशी भर चौकात यायचं, गाठोडं सोडायचं आणि तीन बोटांनी पोझ मारायची, मी म्हणेन तितक्या वेळा. तो कबूल झाला. म्हणाला, आणि तू हरलीस तर सगळ्यांच्या पुढं सांगायचं की पोझची गोष्ट तू केली. "तुझ्या तोंडानं. माझा आवाज काढायचा न्हाई, कुणाचाच काढायचा न्हाई." मी टाळी द्यायला हात पुढं केला, उजवा. मुद्दाम. त्यानं डावा दिला.

गुरुवारी सकाळी पावणेसातला मी हॉटेलच्या पायरीवर बसले होते. कंपनीच्या गेटला गज आहेत, त्यातून आतलं सगळं मैदान दिसतं. शिफ्ट सुरू होण्याआधी तिथं कामगार ओळींनी उभे राहतात, एका मशीनलाईनची एक ओळ. कोणी कुठं उभं राहायचं ते ठरलेलं असतं. मग एक साहेब माइकवर सुरक्षेची शपथ सांगतो आणि सगळे हात पुढं करून म्हणतात. आमच्या हॉटेलात ती शपथ पोपटाला येईल इतकी पाठ आहे.

चांगदेव गेटवर आला. पट्ट्यापट्ट्यांचा साधा शर्ट, पायात चप्पल. गेटवरच्या वॉचमननं हात पुढं केला, कागदासाठी. चांगदेवनं खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि आत चालत गेला. वॉचमन पेनाकडं बघत राहिला.

तो तिसऱ्या ओळीशी गेला. तिथं सहा वर्षं तो उभा राहत होता, डावीकडून पाचवा. ओळीत जागा नव्हती. त्याच्या जागेवर दुसरा माणूस होता असं नव्हे, ओळ मिटली होती. सगळे थोडे-थोडे सरकून नीट उभे होते. तो जुन्या चौथ्या आणि सहाव्याच्या पाठीमागं उभा राहिला. ओळीतल्यांना मी ओळखत होते. ह्याच लोकांच्या रात्रपाळ्या त्यानं शनिवारासाठी केल्या होत्या. कुणी मागं बघितलं नाही. माइकवर 'मी शपथ घेतो की' सुरू झालं. सगळ्यांचे हात पुढं गेले आणि चांगदेवनं आपलं गाठोडं पुढं केलं, पण पुढच्याची पाठ मध्ये आली.

तेव्हा ओळीतला एक जण बाजूला सरकला. तो नवा बिहारी गडी. त्याला चांगदेव कोण ते माहीत नव्हतं, सरकायचं नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, आपल्यासारखाच आज लागलेला कुणीतरी. चांगदेव त्या जागेत उभा राहिला आणि शपथ चालू असतानाच त्याला सांगू लागला. त्याचं हिंदी म्हणजे हिरव्याचं हिंदी, टीव्हीतून उचललेलं. "सुनो. बटन में काडी है. उसको निकालो. दोनों हाथ से दबाव." नवा गडी शपथ म्हणत मान हलवत होता. तेवढ्यात बाळासोनं हात केला, दोघं वॉचमन आले, आणि त्यांनी चांगदेवला दोन्ही दंडांना धरून गेटपर्यंत आणलं. दुखऱ्या हाताकडच्यानं जरा जास्तच घट्ट धरलं होतं. माइकवर 'सुरक्षेचे सर्व नियम पाळीन' झालं. जाळबिळ काही उसळला नाही. भोंगा वाजला, ओळी मोडल्या, माणसं आत गेली. गड्यानं काडी काढली की नाही, ते मला माहीत नाही.

यवतचा मामा लग्न मोडल्याचं सांगायला पुन्हा आला नाही. आमच्याच हॉटेलच्या फोनवर निरोप दिला आणि घशातल्या आवाजात म्हणाला, सांगा त्यांना. आप्पांनी सांगितलं. अनसाबाईंनी ऐकून घेतलं आणि चार नंबरमधलं सामान बांधायला घेतलं.

दुपारच्या चहाला हॉटेल भरलं होतं. बाळासोही आला होता, रोजच्या टेबलावर. अनसाबाई आणि चांगदेव दारातल्या बाकावर बसले होते, पायाशी वळकटी आणि पत्र्याची पेटी, न्हावऱ्याकडून मांडवगणला जाणाऱ्या एसटीची वाट बघत. चांगदेवनं मला हाक मारली. रोजच्यासारखीच मारली. म्हणाला, सही केली न्हाई.

मी ग्लास ठेवले आणि मध्ये उभी राहिले. हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. मी म्हणाले की चांगदेवदादा मशीनवर पोझ मारत नव्हता. ते मी दिवाळीत रचलं. त्याच्या मशीनच्या बटणात काडी होती आणि ती बाळासो ठोकून जायचे. एवढं बोलले आणि थांबले.

थोडा वेळ कुणाला काही कळेना. मग कोपऱ्यातल्या एकानं विचारलं, ही नक्कल कुणाची गं? ओळखू येईना. दुसरा म्हणाला, आवाज पातळ आहे, हेडबाईची असेल. मग सगळे ओळखायला लागले. पोस्टातल्या बाईंची, नर्सबाईची, कुणी म्हणे पहिलीच्या पोराची. बाळासो सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, छान करते, पण दिवाळीतली जास्त चांगली होती, ती कर. मी आप्पांकडं बघितलं. ते गल्ल्यात बघत होते.

एकट्या अनसाबाई हसत नव्हत्या. त्या बाकावरून उठल्या, लांब ढांगा टाकत माझ्यापुढं आल्या आणि हळू विचारलं, "म्हंजी ह्यो खेळत नव्हता?"

"नाही."

"खरं बोलतुया त्यो?"

"हो."

त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. मेंढरं धरून धरून तयार झालेला हात. माझ्या कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत राहिली. हॉटेल त्यालाही हसलं.

"आये," चांगदेव बाकावरून म्हणाला, "पैजंत हे न्हवतं."

अनसाबाईंनी वळकटी उचलून काखेत घेतली. बाहेर एसटी लागत होती.

"माझी कुठं व्हती पैज?" त्या म्हणाल्या.